आज तिने स्वतः सांगितलं

कुटुंबातल्या रोजच्या जगण्यावर आमचा अभ्यास चालू आहे. आज कराडजवळच्या एका घरी गेले होते. नऊ वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), बोलणं अस्पष्ट. प्रश्नावलीत तिच्यासाठी रकानाच नव्हता, 'माहिती पालकांकडून घ्यावी' एवढंच. आईही म्हणाली, "ताई, तिला काय विचारताय? मीच सांगते की. टीव्ही आवडतो तिला."

मी चित्रांची कार्डं जमिनीवर मांडली. "घरात तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" हात थरथरत होता, दोनदा भलत्याच कार्डावर पडला, तिने तो परत उचलला. शेवटी बोट टेकवलं ते चुलीवर. मग आजीकडे बघून हसली.

आजी म्हणाली, "भाकरी थापताना पिठाचा गोळा देते की हिच्या हातात!" आई गप्पच झाली.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या कलम ७ मध्ये मुलांचं म्हणणं ऐकणं आणि त्यासाठी लागेल ती मदत देणं, दोन्ही आहे. तरी आम्ही रकाना ठेवला नाही, याचं फार वाईट वाटलं. तिचं ऐकायला वीसच मिनिटं तर लागली!

उद्या प्रश्नावली बदलायला बसतेय. निघताना चुलीचं कार्ड तिच्या मुठीत घट्ट होतं, ते तिच्याकडेच ठेवून आले.