तुम्ही विचारलंत म्हणून: माझी आरएक्स-७ भरवशाची आहे का?

इथल्या, जपानमधल्या ताकासाकीतली मराठी मंडळी, भारतातून येणारे पाहुणे, आणि हल्ली अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेले अनोळखी लोकही मला एकच विचारतात. तीस वर्षांची माझदाची टर्बो गाडी, त्यात रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते), भरवशाची आहे का? "हो" म्हटलं की लगेच येतं, "जपानी आहे ना, मग काय बिघडणार!" "नाही" म्हटलं तर, "मग ठेवलीस कशाला?" या दोन्ही वाक्यांचा मला मनापासून वीट आला आहे.

जपानी म्हणजे न बिघडणारी, ही समजूत टोयोटाच्या कोरोलाने रुजवली. १९९० च्या आसपासच्या टर्बो गाड्या निराळ्याच ईर्ष्येतून घडल्या. २८० पीएसच्या (म्हणजे अश्वशक्तीच्या) वर ताकद जाहीर करायची नाही, असं जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं. कागदावर तेवढीच, आत मात्र त्याहून पुष्कळ जास्तीची तयारी. निसानच्या स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाला टर्बाइनची चाकं सिरॅमिकची. हलकी, झटकन फिरणारी, पण बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की फुटणारी. टोयोटा सुप्राच्या २जेझेड इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे आणि तो दुप्पट ताकद सोसतो, हे खरंच. पण त्याच्याभोवतीचं रबर आणि प्लास्टिकही तीस वर्षांचंच असतं, ते कुणी विचारात घेत नाही.

माझ्या गाडीत दोन टर्बो एकामागून एक कामाला लागतात. इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांवर एक, मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या सुमारास दुसराही. हा बदल सांभाळायला सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपा) आणि बारीक व्हॅक्यूम पाइपांचं जंजाळ आहे. उष्णतेने ते पाइप कडक होतात, एखादा गळला की दुसरा टर्बो नीट जागाच होत नाही. पण सगळं जागेवर असताना १३०८ सीसीचं ते इंजिन साडेबाराशे किलोंची गाडी ज्या सहजतेने ओढतं, ते मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळालेलं नाही.

आता गाडी रस्त्यात तापली तो दिवस सांगते, कारण त्याबद्दल सगळ्यांनी अर्धवटच ऐकलंय.

ऑगस्ट महिना. सांगलीहून बाबा आले होते. त्यांची अख्खी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली. आम्ही कारुइझावा या थंड हवेच्या गावी निघालो होतो. जोशिन-एत्सु महामार्गावर मात्सुइदा-म्योगी मागे पडलं की उसुईपर्यंत चढ आणि बोगदे. कंपनीचा तापमानाचा काटा बराच फरक पडला तरी मध्यावरच बसून राहतो, म्हणून मी आकडे दाखवणारा वेगळा मीटर लावून घेतला होता. चढावर ९२ अंश नेहमीचंच. ९८ दिसले तेव्हा एसी बंद केला, पाय हलका केला. बोगद्यात १०४ झाले आणि थांबायला जागा नव्हती. बाबांनी काच खाली केली. इंजिन गार ठेवणाऱ्या कुलंटचा गोडसर वास आत आला.

"पाणी जातंय," ते म्हणाले.

बोगदा संपून गाडी कडेला घेईपर्यंत ११६. इंजिन बंद केलं, त्रिकोण मागे ठेवला आणि गार्डरेलच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती. मी पुढे जायला लागले तसा बाबांनी माझा दंड धरला. "झाकणाला हात लावायचा नाही. निवू दे आधी." गाडी ट्रकवर चढेपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं, कारण निघण्याआधी त्यांनीही हाच प्रश्न विचारला होता आणि मी "हो" म्हटलं होतं.

फुटला होता टर्बोकडे पाणी नेणारा करंगळीएवढा रबरी पाइप. टर्बो उतरवल्याशिवाय तिथवर हात पोचत नाही. रेडिएटर नवा होता, कुलंटची प्लास्टिकची टाकी काढून अॅल्युमिनियमची बसवली होती, बाकीचे पाइपही बदललेले होते. काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये.

नंतर रोज सकाळी गाडी सुरू केली की पांढरा धूर. रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजणारं खास यंत्र लावलं, तर आकडे ८ च्या वर, म्हणजे चांगले. एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, शाबूत होते, ज्यांच्या नावाने सगळे रोटरीला घाबरतात तेच. गेले होते पाण्याचे सील. रोटरभोवतीचं हाउसिंग अॅल्युमिनियमचं, दोन्ही बाजूंच्या प्लेटा ओतीव लोखंडाच्या. फार तापलं की दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत आणि मधलं रबर भाजून निघतं. इंजिन उघडावंच लागलं. त्या खर्चात इथे एखादी चांगली जुनी केई-कार (जपानमधली छोटी गाडी) आली असती.

पूर्वी मी ठासून सांगायचे, इंजिनात खोट नाही, लोक बूस्ट वाढवून त्याची वाट लावतात. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की रोटरीत ज्वलन हाउसिंगच्या त्याच एका बाजूला होत राहतं, थंड हवा नेहमी दुसऱ्याच बाजूने येते, आणि बाहेर पडणारा वायू पिस्टनच्या इंजिनापेक्षा जास्त तापलेला असतो. ही उष्णता आराखड्यातच आहे, मालकाच्या हातची नाही. पण तेवढ्यावरून गाडी बेभरवशाची ठरते का? इंजिनाची नव्याने बांधणी झाल्यापासून तिने मला एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही. आणि हे लिहितानाच जाणवतं, की त्या ऑगस्टपर्यंतही मी हेच म्हणत होते.

वेगासाठीच हवी असेल तर टोयोटाची जीआर यारिस घ्या. तीन सिलिंडर, ३०४ पीएस, वॉरंटीसकट. ओल्या घाटात ती मला मागे टाकेल, हे मी मुकाट्याने मान्य करते.

माझा मेकॅनिक म्हणतो, दोन टर्बो काढून एकच मोठा बसवू. पाइप कमी, भानगडी कमी. बरोबर असेल त्याचं. पण मग खालच्या फेऱ्यांवरची ती ओढ जाईल, आणि गाडी मी घेतली होती तिच्यासाठीच. पुढच्या शाकेनच्या (गाडीच्या सक्तीच्या सरकारी तपासणीच्या) आत त्याला उत्तर द्यायचंय. अजून ठरत नाही.