व्हिडिओतली माशी वेगळी, आमची सातेरी वेगळी

डिसेंबर, पहिला आठवडा

मधमाश्यांची पेटी आली एकदाची. सुताराने टेम्पोतून उतरवली आणि विचारलं, "वहिनी, खरं सांगा, हे गुरांना पाणी पाजायचं डोण ना?" दिसतं खरं तसंच. दोन फूट लांब, वर रुंद खाली निमुळती, दोन्ही बाजू तिरक्या, आत फ्रेम नाही तार नाही काही नाही. वर फक्त लाकडी पट्ट्या एकीला एक चिकटवून ठेवायच्या आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या बाजूला मधोमध एक धार काढलेली, तिच्यावर थोडं मेण चोळायचं, की माशी त्या धारेला धरून पोळं खाली बांधत जाते. टॉप बार पेटी म्हणतात हिला. केनियात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या लोकांच्या मदतीने हे डिझाइन बसलं. तिथे पोकळ ओंडके झाडावर टांगून मध काढायची पद्धत, झाडावर चढणं हे पुरुषांचं काम, ही पेटी कमरेच्या उंचीवर ठेवता येते म्हणून बायकांनाही जमायला लागली. मला तर हेच हवं होतं. फ्रेमच्या पेटीचा मधाने भरलेला वरचा मजला उचलणं माझ्या कमरेला झेपणार नाही, इथे एका वेळी एकच पट्टी उचलायची असते.

इथे दापोलीकडे ज्याला विचारावं तो म्हणतो फ्रेमची, म्हणजे आत लाकडी चौकटी असलेली पेटी घ्या, पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेचं ट्रेनिंग घ्या. बरोबरच आहे त्यांचं, १९६२ पासूनची संस्था आहे, आपल्याकडे सगळी घडी फ्रेमच्या पेटीचीच बसलीये. पण फ्रेम, मेणपत्रा (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत बसवायचा मेणाचा पत्रा), मध काढायचं मशीन, सगळं विकत घ्या आणि मग शिका, हे मला उलटं वाटत होतं.

सुताराशी वाद झाला तो पट्टीच्या रुंदीवरून. इंटरनेटवर सगळीकडे ३५ मिलिमीटर लिहिलेलं असतं. ते युरोपियन माशीचं माप. आफ्रिकेतल्या माशीला ३२ आणि आपल्या सातेरीला, म्हणजे इथल्या देशी मधमाशीला, ३० च्या आसपास. सुतार म्हणाला पाच मिलिमीटरने काय होतंय हो. होतं ना. सातेरी लहान, तिची पोळी जवळजवळ, पट्टी रुंद झाली की पाच-सहा पोळ्यांत तिचा हिशोब आणि आपला हिशोब हुकतो आणि मग एक पोळं दोन पट्ट्यांवर बसतं, म्हणजे एक पट्टी उचलली की दुसऱ्या पट्टीचं पोळं फाटलंच. वीस पट्ट्या परत रंध्याखाली गेल्या. तोंडाने बडबडत का होईना, केलं त्याने.

जानेवारी

मोहोळ मिळालं! वरच्या आळीत जांभ्या दगडाचा जुना गोठा पाडायला काढलाय, त्याच्या भिंतीत कित्येक वर्षं सातेरीचं मोहोळ आहे, गवंडी म्हणत होता रॉकेल ओतून टाकू. आमच्या शेजारच्या तात्यांनी त्याला असा झापला की विचारू नका. तात्या आयुष्यभर डोंगरातली मोहोळं बघत आलेत, पेटी-बिटी प्रकारावर त्यांचा काडीचा विश्वास नाही, पण आले बरोबर. नारळाच्या सोडणाचा धूर, दोन फुंकरी, बास. मी जाळीची टोपी, हातमोजे, बूट घालून चंद्रावर निघालेली आणि तात्या बनियनवर.

दोन चिरे काढल्यावर आत सात पोळी, शेजारी शेजारी. पोळी कापून पट्टीला बांधायची तर दोरा कापतो, म्हणून केळीच्या सोपाचे धागे ओले करून बांधले, पुढे पोळं पट्टीला चिकटलं की माशाच ते धागे कुरतडून बाहेर टाकतात. पिल्लांची पोळी तेवढी घेतली, मधाची घेतली नाहीत, ती जड असतात, सुटून पडतात आणि मग मधाच्या वासाने गावभरच्या मुंग्या. तात्यांनी माशांचा घोळका ओंजळीत घेतला, हो, उघड्या हाताने, आणि पेटीत सोडला, म्हणाले "राणी यात आहे, बाकीच्या येतील मागनं." आणि खरंच, थोड्या वेळात दाराशी माशा रांगेने शेपट्या वर करून पंख मारत उभ्या, बाकीच्यांना वासाने बोलवत. तात्या म्हणाले, "आता आठ दिवस उघडू नको. उघडलंस तर जातील." सातेरीचं हेच आहे, नाराज झाली की अख्खं कुटुंब उठून जातं. इंग्लिश व्हिडिओत दर रविवारी पेटी उघडून बघतात, त्यांच्या माशा ऐकून घेतात.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या चारी पायांना काळ्या ऑईलच्या चिंध्या बांधल्या, मुंगळ्यांसाठी. आई (सासूबाई) म्हणाल्या बाळंतिणीची खोली झालीये नुसती.

फेब्रुवारी

काजू-आंबा दोन्ही मोहोरावर, नारळ तर बारा महिने आहेच, माशा पिवळे-पांढरे गोळे पायाला लावून आत शिरतायत. परागकण आत जातोय म्हणजे पिल्लं वाढतायत, एवढं मला दारात बसून कळायला लागलंय. खरं सांगायचं तर पेटी उघडण्यापेक्षा दारात बसणं जास्त कामाचं आहे. दुपारी चहा घेऊन बसते.

तिथेच एक गंमत दिसली. ऊन तापलं की काही माशा दारात उभ्या राहून पंख्यासारखे पंख मारतात. व्हिडिओतल्या सगळ्या माशा तोंड दाराकडे, शेपूट बाहेर करून उभ्या. माझ्या सगळ्या उलट्या, डोकं बाहेर माझ्याकडे. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, रात्री वाचत बसले तर कळलं की सातेरीची रीतच ती, युरोपियन माशी आतली गरम हवा बाहेर ओढते आणि आपली बाहेरची हवा आत ढकलते. असं होतं बघा, निम्म्या गोष्टी शिकायच्या आणि निम्म्या विसरायच्या.

आज पहिल्यांदा पट्ट्या उचलल्या. नवीन पोळं इतकं पांढरं असतं की कागद वाटावा, उन्हासमोर धरलं तर पलीकडच्या माशांचे पाय दिसतात. त्याला खाली आधार नाही, बाजूंना आधार नाही, म्हणून पट्टी उचलली की पोळं कायम लोंबतं राहिलं पाहिजे, पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं केलं की गेलंच. मागची बाजू बघायची तर पट्टीचं एक टोक वर, एक खाली, मग गोल फिरवायचं, मग परत सरळ. मी हे घरी रिकाम्या पट्टीवर करून बघितलेलं, माशांसकट करताना श्वास रोखला जातो तो जातोच. एका पोळ्याच्या खालच्या कडेला नरांची घरं होती, टोपणं जरा उंच, आणि प्रत्येक टोपणाच्या टोकाला सुईने पाडावं तसं बारीक भोक. मला वाटलं कीड लागली. तात्या हसले, "नराचं घर आहे ते, असंच असतं." नंतर वाचलं की हे भोक सातेरीच्याच नरांच्या टोपणाला असतं, युरोपियन माशीत नाही.

शेवटून तिसऱ्या पट्टीवर पोळं जरा वाकडं चाललंय, पुढच्या पट्टीत घुसणार असं दिसतंय. अजून मऊ होतं म्हणून बोटाने हळूच सरळ दाबलं.

मार्च

गांधीलमाशी आली. दारासमोर घिरट्या. माशांनी आधी दारातल्या फळीवर उभं राहून सगळ्यांनी मिळून अंग हलवलं, लाट गेल्यासारखी, एकदा, दोनदा. तरी ती उतरलीच, आणि एका क्षणात ती दिसेनाशी झाली, तिच्या जागी माशांचा एक गोळा. नुसत्या तिला धरून थरथरत होत्या. आतलं तापमान ४५ अंशांच्या वर नेतात म्हणे, गांधीलमाशी त्यात मरते आणि माशांना ते जेमतेम सोसतं. गोळा सुटल्यावर ती फळीवरून खाली पडली. आईंना हाक मारली, त्या म्हणाल्या बरी जिरली.

वेड्या राघूंवर मात्र काहीच उपाय नाही. तारेवर बसून एकेक टिपतात. टिपू देत, किती खातील.

उन्हाची भीती जास्त आहे. मेण वितळायला साठच्या वर जावं लागतं पण मऊ खूप आधी पडतं, आणि इथे पोळ्याला तार नाही. पेटी फणसाच्या सावलीत सरकवली, तीही एकदम नाही, रोज रात्री थोडी थोडी, नाहीतर बाहेर गेलेल्या माशा जुन्या जागी परत येऊन शोधत बसतात. वर पत्र्याच्या खाली सुकं गवत भरलं. कडक उन्हात पट्ट्या उचलायच्या नाहीत, सकाळी लवकर काय ते.

एप्रिल

मध काढला. म्हणजे दोन पट्ट्यांचा. मागच्या टोकाची पोळी वरपासून खालपर्यंत मेणाने बंद झालेली होती तीच घेतली, उघडा मध पातळ असतो आणि आंबतो. सातेरीचा तसाही जरा पातळच. पट्टीला बोटभर पोळं ठेवून खालचं सुरीने कापलं, म्हणजे माशा त्यावरूनच परत बांधायला घेतात. मग पातेल्यात हाताने कुस्करून पंचातून गाळलं, रात्रभर टांगून. मशीन नाही, गडबड नाही. जांभळाचा असावा बहुतेक, जरासा तुरट आहे, रंग गडद.

सगळा मिळून एक बरणी आणि वर थोडा. लोक विचारतात एवढाच? सातेरीच्या भरलेल्या पेटीतून वर्षाला पाच-सहा किलो निघाला तरी खूश व्हायचं असतं, आणि टॉप बारमध्ये पोळंच कापून घेतो म्हणजे माशांना दर वेळी मेण नव्याने बनवावं लागतं, मध त्यामुळे कमीच. ज्याला धंदा करायचाय त्याने फ्रेमचीच पेटी घ्यावी, उगाच माझं बघून भुलू नये. मेण मात्र मिळतं. आईंनी ते वितळवून मुठेलात (कोकमाच्या तेलात) घातलं, पायाच्या भेगांसाठी डब्या केल्या, आणि आळीत मधापेक्षा त्या डब्यांनाच जास्त मागणी आहे.

तात्यांना थोडा मध दिला. चाखला, जरा थांबले, म्हणाले, "डोंगरातल्यापेक्षा पातळ आहे." मग बाटली घेऊन गेले.

मे, शेवट

आता खरी परीक्षा पावसाळा. इथला पाऊस म्हणजे आठवडाच्या आठवडा माशीला बाहेर पडता येत नाही आणि पडली तरी फुलात काही नाही. राहिलेल्या मधाच्या पोळ्यांना मी हात लावणार नाहीये. मेणकिडाही पावसातच जोर धरतो. माशा ज्या पोळ्यावर बसत नाहीत तिथे तो जाळी विणतो आणि मग सातेरी पेटी सोडून जाते. म्हणून मधे सरकती फळी घालून जागा छोटी करायची, माशांनी झाकलेली पोळी तेवढी आत, रिकामी जुनी काळी पोळी काढून वितळवून टाकायची. टॉप बारची ही सोय मला फार आवडते, घर हवं तेवढं मोठं, नको तेव्हा छोटं.

आणि साखरेचा पाक, साखर आणि पाणी निम्मं निम्मं, फळीच्या मागे वाटीत, वर काड्या टाकून म्हणजे माशा बुडत नाहीत. संध्याकाळीच ठेवायचा, दिवसा ठेवला तर दुसऱ्या मोहोळाच्या माशा लुटायला येतात. दहा किलो साखर उद्या आणायची आहे, वाणी विचारणारच घरात कार्य आहे का म्हणून.