३०१ नं खाल्लेल्या दोन संध्याकाळी

गावातल्या वाचनालयाची नवी वेबसाइट मी करून दिली. जुनी ग्रंथसूची मात्र त्याच सर्व्हरच्या ८०८० पोर्टवर (सर्व्हरच्या एका क्रमांकाच्या दारावर) वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्या कोडला हात लावायची कुणाची छाती नाही. म्हणून पुढे एन्जिनएक्स बसवलं, म्हणजे येणारी विनंती आधी घेऊन योग्य जागी पोचवणारा वेब सर्व्हर: '/सूची/'नं सुरू होणारं सगळं मागच्या पोर्टकडे. पत्ता देवनागरीत हवा हा माझाच हट्ट, पण तो सहज जमला. ब्राउझर देवनागरी अक्षरं टक्क्यांच्या चिन्हांत बदलून पाठवतो, पण एन्जिनएक्स लोकेशन (कोणत्या पत्त्याला कोणता नियम, ते) जुळवतं ते ती चिन्हं उलगडून झाल्यावर. तेव्हा कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सरळ देवनागरी लिहायची, फाइल यूटीएफ-८ या अक्षर-पद्धतीत ठेवायची.

पहिली चूक स्लॅशची. प्रॉक्सी-पासमध्ये (विनंती मागे कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीत) पोर्टनंतर काहीच लिहिलं नाही, तर अख्खा पत्ता जसाच्या तसा मागे जातो. जुन्या ॲपला 'पुस्तक/१२' कळतं, 'सूची/पुस्तक/१२' कळत नाही. ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. पोर्टपुढे नुसता एक स्लॅश दिला की '/सूची/' गळून पडतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. ते वाचायच्या आधी मी शहाणपणा करून एक रीराइट (पत्ता बदलणारा नियम) ठोकला, 'सूची' काढून टाकणारा, आणि शेवटी 'परमनंट' लिहिलं.

परमनंट म्हणजे ३०१: 'हा पत्ता कायमचा बदलला, आता इकडे जा' असं ब्राउझरला सांगणं. ब्राउझर '/पुस्तक/१२'वर, म्हणजे नव्या साइटवर जाऊन आपटला. चूक कळली, रीराइट काढला, स्लॅश घातला, एन्जिनएक्स रीलोड केलं. तरी तेच! कॉन्फिग पुन्हा वाचली, सर्व्हर रीस्टार्ट केला, दुसऱ्या कुठल्या फाइलमध्ये तो नियम लपलाय का म्हणून अख्खं फोल्डर धुंडाळलं. एक संध्याकाळ गेली. दुसरी निम्मी गेल्यावर ॲक्सेस लॉग (सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांची नोंदवही) लावून बसलो. मी 'सूची' उघडतोय आणि लॉगमध्ये नोंद पडतेय थेट 'पुस्तक'ची. 'सूची'ची विनंती सर्व्हरपर्यंत येतच नव्हती! तेवढ्यात ग्रंथपाल बाईंचा फोन, "अहो, आमच्याकडे सकाळपासून उघडतंय की!"

उघडणारच. त्यांनी तो पत्ता आजच पहिल्यांदा टाकला होता. माझ्या ब्राउझरनं मात्र कालचा ३०१ जपून ठेवला होता आणि सर्व्हरला न विचारताच उडी मारत होता. ब्राउझरची कॅशे (जपून ठेवलेल्या उत्तरांचा साठा) पुसली, दोन मिनिटांत संपलं. राग कुणावर काढायचा, हा प्रश्न उरला.

तेव्हापासून चाचणी चालू असताना मी 'रीडायरेक्ट'च लिहितो, म्हणजे ३०२, तात्पुरता बदल, आणि तपासणी कर्लनं (असं काही जपून न ठेवणाऱ्या कमांड-लाइन साधनानं) करतो, ब्राउझरनं नाही. हो, रीलोडच्या आधी 'एन्जिनएक्स -टी' (कॉन्फिग बरोबर आहे का ते तपासणारी कमांड) चालवायचंच. रीराइटला 'लास्ट' लावलं तर बदललेल्या पत्त्यासाठी लोकेशन नव्यानं शोधलं जातं; तो पत्ता पुन्हा त्याच नियमात अडकत राहिला, तर दहा फेऱ्यांनंतर ५००, म्हणजे सर्व्हरचीच चूक. 'ब्रेक' लावलं तर त्याच लोकेशनमध्ये राहतो. आणि जुनं ॲप लॉगिननंतर नुसत्या '/'वर पाठवत होतं, त्यासाठी प्रॉक्सी-रीडायरेक्टची (मागच्या ॲपनं दिलेला पुढचा पत्ता दुरुस्त करणारी) एक ओळ लागली. ती अडचणही ग्रंथपाल बाईंनीच दाखवून दिली.