क्युबेक सिटीत जेवायचं कुठे?

टोरांटोकडच्या मराठी मंडळींचा हा फोन दर उन्हाळ्यात ठरलेला. “आई-बाबा आलेत, नायगारा झाला, आता क्युबेक सिटीला निघालोय. जेवायचं कुठे?” आणि मग जरा आवाज खाली आणून, “बाबा शाकाहारी आहेत हं.” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

माझं ऐकाल तर जुन्या गावाच्या तटबंदीच्या आत फिरा आणि बाहेर जेवा. 1608 मध्ये शाँप्लेन या फ्रेंच माणसाने वसवलेलं हे गाव, जुना भाग 1985 पासून जागतिक वारशाच्या यादीत. गल्ल्या, तोफा, खालची नदी, सगळं निवांत बघा. पण शातो फ्राँतनाक या किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या हॉटेलच्या आसपास दारातच मेनूचा फलक घेऊन उभी असलेली बरीचशी हॉटेलं पुन्हा कधी न येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालतात, आणि ते ताटात कळतं. न्याहारीला मात्र आत थांबायला हरकत नाही. सँ-जाँ रस्त्यावर पायार नावाची बेकरी आहे, तिथलं क्रोसाँ खा.

हाच रस्ता वेशीतून बाहेर पडला की नूर बदलतो. इथे गावातली माणसं जेवताना दिसतात. आणखी खाली उतरलात तर सँ-रॉक ही वस्ती, आणि सँ-शार्ल नदीपलीकडे दुसरी, लिमोआलू. तिथल्या तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवर नुसती चक्कर मारा, जिथे गर्दी दिसेल तिथे शिरा.

दुसरी गोष्ट वेळेची. मोठं जेवण दुपारी घ्या. दुपारी बहुतेक ठिकाणी फळ्यावर खडूने ‘ताब्ल दोत’ लिहिलेलं असतं: मुख्य पदार्थाच्या किमतीतच सूप, कॉफी आणि कधी गोडसुद्धा. तेच स्वयंपाकघर संध्याकाळी बरेच जास्त पैसे घेतं. मुलं, आजी-आजोबा धरून सहा माणसं असतील तर हा फरक खिशाला चांगलाच जाणवतो.

आता बाबांचं. इथलं जुनं जेवण थंडीत लाकडं तोडणाऱ्यांचं, त्यामुळे शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही डुक्कर दडलेलं असतं. वाटाण्याच्या पिवळ्या सूपमध्ये हॅम, गोडसर घेवड्यात चरबीचे तुकडे. तूर्तियेर तर उघडच मांस भरून भाजलेली पेस्ट्री. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका, कोणीतरी प्रेमाने मासा आणून ठेवेल. “मांस नको, मासा नको, रस्सा मांसाचा नको” असं तिन्ही सांगा, वाढणाऱ्या मुली राग मानत नाहीत, आत जाऊन विचारून येतात. सगळ्यात बिनघोर जागा म्हणजे क्रेपची, म्हणजे पातळ फ्रेंच धिरड्यांची, दुकानं. मशरूम, पालक, चीज घालून तव्यावर तुमच्यासमोर करतात. अंडं मात्र बहुतेक क्रेपमध्ये असतं, तेही चालत नसेल तर आधी विचारा.

पुतीन या इथल्या पदार्थाबद्दल सगळेच विचारतात. बटाट्याचे तळलेले काप, त्यावर ताज्या चीजचे गोळे आणि वरून गरम तपकिरी ग्रेव्ही. ती ग्रेव्ही बहुधा कोंबडीच्या किंवा बीफच्या रश्शाची असते, त्यामुळे बाबांसाठी मशरूमची ग्रेव्ही मिळते का ते विचारा. चीज त्याच दिवसाचं असेल तर चावताना दाताखाली कुईकुई वाजतं. फ्रिजमध्ये ठेवलं की तो आवाज जातो, म्हणूनच कोपऱ्यावरच्या दुकानांत गल्ल्याजवळ त्याच्या पिशव्या फ्रिजबाहेर ठेवलेल्या दिसतात. एक पिशवी घ्या आणि गाडीत बसून नुसतंच खा. मला तर पुतीनपेक्षा हेच आवडतं. पुतीनच हवं तर शे आश्तन, 1969 मध्ये एका गाडीवर सुरू झालेली, इथल्याच मातीतली साखळी. त्यांची जानेवारीतली गंमत गावभर ठाऊक आहे: पारा शून्याखाली जितका, तितके टक्के सूट. उणे पंचवीसला लोक रांग लावतात. थंडीने वेड लागतं म्हणतात ते हेच असावं.

खास प्रसंग असेल, लग्नाचा वाढदिवस वगैरे, तर 2025 मध्ये उत्तम हॉटेलांना तारे देणारी मिशलँ मार्गदर्शिका पहिल्यांदाच क्युबेक प्रांतात आली आणि दोन तारे फक्त तानियेरला मिळाले. जुन्या तळघरांतलं हॉटेल, अनेक पदार्थांचं लांबलचक जेवण, आणि बिल बघून घाम फुटेल असं. एक तारा मिळालेलं आर्व्ही लिमोआलूमध्ये आहे, तिथे शाकाहारी मेनू वेगळा असतो. मी असते तर बाबांना तिथे नेलं असतं.

बिलाचं एक सांगून ठेवते. मेनूवरच्या किमतीवर दोन कर लागतात, 5 आणि 9.975 टक्के. टिप साधारण 15 टक्के, आणि ती कराआधीच्या रकमेवर. म्हणजे दोन करांची बेरीज केलीत की टिपचा आकडा जवळजवळ आयता मिळतो. कार्डाच्या मशीनने सुचवायचे आकडेही कराआधीच्या रकमेवरच हवेत, असा कायदा मे 2025 पासून आहे.

जूनअखेर किंवा जुलैत येत असाल तर ऑर्लेआं बेटावर गाडी वळवा, पूल ओलांडला की पोचलात. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला असतात, त्या दुपारच्या जेवणानंतरचं गोड समजा. जुलैच्या सुरुवातीला मोठा संगीतमहोत्सव असतो, तेव्हा संध्याकाळचं टेबल आधी फोन करून सांगून ठेवा. पलीकडून भराभर फ्रेंच आलं तर घाबरू नका. आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग इंग्रजीत बोला, काम होतं.