आज जेनकॉनला फुल थ्रस्ट खेळवला!

अमेरिकेत इंडियानापोलिसला जेनकॉन या टेबलावरच्या खेळांच्या मोठ्या मेळाव्यात आज फुल थ्रस्टचं, म्हणजे अंतराळातल्या जहाजांच्या लढाईच्या गेमचं, टेबल चालवलं, अजून डोक्यातून जात नाहीये. काळं कापड, मेटलच्या छोट्या स्पेसशिप्स, फासे, बास एवढंच लागतं. खरी मजा ऑर्डर लिहिण्यात आहे, म्हणजे प्रत्येकाने आपल्या जहाजाचा वेग आणि वळण आधी गुपचूप कागदावर लिहायचं आणि मग सगळ्यांची जहाजं हलणार, त्यात मागच्या टर्नचा वेग तसाच चालू राहतो, कचकन ब्रेक मारता येत नाही, त्यामुळे समोरचा कुठे पोचेल हे ओळखणं हाच खरा गेम. एक शाळकरी मुलगी वडिलांसोबत आली होती, पहिल्यांदाच खेळत होती, तिने आपली क्रूझर (मध्यम आकाराचं लढाऊ जहाज) बरोब्बर शत्रूच्या शेपटामागे नेली, इंजिन चालू असताना शत्रूला मागच्या बाजूला फायर करता येत नाही ना! मग तिने बीमचे, म्हणजे जहाजावरच्या किरणांच्या तोफेचे, दोन फासे टाकले, ४-५ ला एक डॅमेज, ६ ला दोन, आणि तिला दोन्ही ६ पडले 😍 अख्खं टेबल ओरडलं, ज्यांचं जहाज फुटलं ते काकासुद्धा टाळ्या वाजवत होते. रूल्स नेटवर फुकट मिळतात, पुण्या-मुंबईत कोणाला खेळायचं असेल तर सांगा, डिसेंबरात येतोय, जहाजं घेऊन येतो.