वेल्डिंगमध्ये पैसा आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

"काका, वेल्डिंग शिकलो तर पोट भरेल का, आणि पुढे करिअर वगैरे काही होतं का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू, पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल. विचारणाऱ्यांत नुकती शाळा संपलेली पोरं असतात, त्यांचे वडील असतात, खुर्चीवर बसून कंटाळलेले एकदोघं असतात, हल्ली मुलीही विचारतात, त्यांच्यासाठी वेगळं उत्तर नाहीये, हेच आहे.

पोट भरतं. पण एकाच वयाचे दोन वेल्डर, दोघांनी एकाच सुमारास होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा) हातात घेतलेला, आणि एकाला दुसऱ्याच्या कितीतरी पट मिळतात हेही तितकंच खरं, त्यामुळे विचारायचंच असेल तर हा फरक कुठून येतो ते विचारा. लोकांना वाटतं याचा हात सफाईदार, बीड (वेल्डची उमटलेली रेघ) सुंदर दिसते, म्हणून याला जास्त. थोडं ते आहेच. पण मी जे बघत आलोय ते असं की जिथे तुमचा जॉइंट कोणीतरी तपासणार असतो तिथे पैसा असतो, आणि जिथे कोणी तपासत नाही तिथे भावावरून घासाघीस असते.

म्हणजे कसं, की जाळी, गेट, शेड, टेबलाची फ्रेम, हे काम वाईट नाही, पण तिथे चिकटलं की झालं, वरून रंग मारला की बीड दिसतही नाही, मग ज्याचा दर कमी त्याला काम. याउलट बॉयलरच्या ट्यूब, गॅसची लाइन, प्रेशर व्हेसल म्हणजे दाबाखालच्या टाक्या, इथे जॉइंटचा एक्स-रे निघतो. वरून कितीही देखणा असू दे, आत स्लॅग (रॉडच्या आवरणाचा वितळून बनलेला मळ) अडकलाय का, बारीक भोकं राहिलीत का, रूट म्हणजे जॉइंटचं मूळ नीट वितळलंय का, सगळं फिल्मवर येतं आणि तो जॉइंट कोणत्या वेल्डरचा ते नंबरासकट नोंदलेलं असतं. फेल गेला की कापा, ग्राइंडरने खोदा, परत भरा, परत फिल्म काढा, आणि तोवर मागचे सगळे खोळंबून. त्यामुळे ज्याच्या फिल्म एकामागून एक क्लिअर जातात त्याला कंपनी जास्त देते, उपकार म्हणून नाही, त्याच्यामुळे तिचे पैसे वाचतात म्हणून.

हे तपासण्याचं खूळ उगाच आलेलं नाही. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत शेनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज धक्क्याला बांधलेलं असताना जवळजवळ दोन तुकड्यांत फाटलं, समुद्रात वादळ नाही काही नाही. त्या काळात रिव्हेट (प्लेटा जोडायला ठोकलेले जाड खिळे) सोडून वेल्डिंगने भराभर जहाजं बांधत होते, बऱ्याच जहाजांना तडे गेले. पूर्वी रिव्हेटच्या जहाजात तडा बहुतेक वेळा त्या प्लेटच्या कडेला येऊन थांबायचा, वेल्ड केलेलं जहाज म्हणजे सलग लोखंड, तडा पळतच सुटायचा. स्टील थंडीत ठिसूळ होणारं होतं, डिझाइनमध्ये चौकोनी कोपरे होते, वेल्डिंगही काही ठिकाणी कच्चं होतं. सगळा दोष वेल्डरचा नव्हता, पण वेल्डवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही हे तेव्हापासून पक्कं झालं.

आता हा तपासला जाणारा जॉइंट मारायची परवानगी कशी मिळते ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. पोझिशनची भाषा अशी की सपाट ठेवलेली प्लेट म्हणजे १जी, आडवी रेघ २जी, खालून वर किंवा वरून खाली उभी रेघ ३जी, डोक्यावर ४जी. आडवा बांधलेला पाइप जो फिरवता येत नाही तो ५जी, आणि ४५ अंशात तिरका जखडलेला पाइप म्हणजे ६जी, ज्यात तुम्हाला एकाच जॉइंटमध्ये सगळ्या पोझिशनमधून जावं लागतं, हात बदलावा लागतो, अंग वाकडं करावं लागतं. म्हणूनच एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या सेक्शन नऊ या कोडमध्ये ६जी पास झालेला ग्रूव्हच्या, म्हणजे खाच भरून जोडायच्या कामाच्या, सगळ्या पोझिशनला चालतो. टेस्टमध्ये एक्स-रे तरी काढतात नाहीतर जॉइंटच्या पट्ट्या कापून यू आकारात वाकवतात, आणि वाकवल्यावर वेल्डमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास.

मग पोरं विचारतात, सर्टिफिकेट कुठून काढू. अरे, ते लायसन्ससारखं खिशात घालून जन्मभर फिरायचं प्रकरण नाहीये ना. त्याच कोडप्रमाणे एखाद्या प्रोसेसने (वेल्डिंगच्या पद्धतीने) सहा महिन्यांत एकदाही वेल्डिंग केलं नाही तर त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं, आयएसओ ९६०६ या आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा दर सहा महिन्यांनी हा माणूस अजून काम करतोय हे कोणीतरी सहीने सांगावं लागतं. आणि जबाबदारी कंपनीची असल्यामुळे नवी कंपनी बहुतेक वेळा परत टेस्ट घेते, तुमच्याकडे कागदांची फाइल कितीही जाड असू दे. गेटवर एक पाइपचा तुकडा देतात, मारून दाखव म्हणतात. या धंद्यात प्रत्येक नोकरी परीक्षेनेच सुरू होते, ज्याला याचा राग येतो त्याने लवकर दुसरं काही बघावं. मला स्वतःला हे आवडतं, कारण तिथे ओळख, भाषा, शिक्षण, कोणाचा कोण, काही चालत नाही, पाइप बोलतो.

हात बसायला वेळ लागतो पण तो बसतो. जे बसत नाही ते म्हणजे शिस्त, आणि तिथेच चांगली चांगली पोरं अडकतात. ७०१८ चा रॉड घ्या, लो हायड्रोजन, म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा. पाकीट उघडलं की तो हवेतली ओल धरतो, म्हणून ओव्हनमध्ये किमान १२० अंश सेल्सिअसला ठेवायचा आणि लागेल तेवढाच बाहेर काढायचा. कंटाळा करून तसाच उघड्यावर पडलेला वापरला तर जॉइंट त्या क्षणी झकास दिसतो, तडा दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जातो, कारण आत गेलेला हायड्रोजन सावकाश आपलं काम करतो. म्हणूनच जाड आणि कडक स्टीलच्या कामात तपासणी कधीकधी ४८ तास थांबून करतात. म्हणजे तुम्ही कोणी बघत नसताना केलेला आळस सुद्धा तपासला जातो, फक्त उशिरा.

अजून एक, जे बाहेरच्यांना माहीतच नसतं. रॉडने काम करणाऱ्याचा आर्क (लोखंड वितळवणारी विजेची ज्योत) दिवसातल्या साधारण २० ते ३० टक्के वेळच पेटलेला असतो. बाकीचा वेळ कापणं, बेव्हल (प्लेटची तिरकी कड) घासणं, गॅप लावणं, टॅक (तुकडे धरून ठेवणारे छोटे टाके) मारणं, स्लॅग काढणं, बफिंग, प्लेट वाकू नये म्हणून आधीच उलटी तिरकी धरणं. त्यामुळे ज्याला फक्त रॉड ओढता येतो तो दुसऱ्याने जुळवून दिलेल्या कामाची वाट बघत बसतो आणि ज्याला ड्रॉइंग वाचता येतं, माप काढता येतं, फिटअप (वेल्डच्या आधी तुकडे जुळवणं) स्वतः करता येतो तो दोघांचं काम एकटा करतो आणि मंदीत सर्वात शेवटी घरी जातो. फिटरबरोबर बसा, त्याला चार प्रश्न विचारा, हेल्पर म्हणून लागलात तर नुसतं ग्राइंडर फिरवू नका, गॅप एवढाच का ठेवला ते बघा. वाईट फिटअपवर चांगला रूट देवालाही मारता येत नाही.

नोकरीचा सगळ्यात जास्त पैसा शटडाऊनच्या कामात, म्हणजे रिफायनरी किंवा पॉवर प्लांट ठरावीक दिवसांसाठी बंद करतात आणि तेवढ्यात सगळी दुरुस्ती उरकायची असते. बारा बारा तासांच्या शिफ्ट, रात्रपाळी, घरापासून लांब, आणि संपलं की पुढचं काम मिळेपर्यंत रिकामं. जे मिळालं ते महिन्याचा पगार समजून उडवलं की वर्षाच्या शेवटी हिशेब लागत नाही. लग्न झालेल्यांनी हे घरी आधी बोलून ठेवा, नंतर बोलणं फार महाग पडतं.

स्वतःचं वर्कशॉप हा वेगळा खेळ. तिथे एक्स-रे नाही, तिथे तपासणारा म्हणजे गिऱ्हाईक, आणि तो तपासतो काम मोडल्यावर. नवीन दुकानं बुडतात ती बहुतेक भाव चुकीचा सांगून, लोखंडाचं वजन आणि रॉडचं पाकीट धरतात आणि ग्राइंडरची चाकं, गॅस, वीज, माप घ्यायला गेलेला अर्धा दिवस, ने-आण, रंग, हे सगळं स्वतःच्या मजुरीतून जातं. माझं मत विचाराल तर वर्कशॉपवाल्याने नवीन फॅब्रिकेशनच्या मागे धावण्यापेक्षा दुरुस्ती शिकावी. नवीन गेट चौघं बनवतात, तुटलेला मशीनचा दात किंवा चिरलेलं कास्ट आयर्नचं हाउसिंग घेऊन आलेला माणूस भाव करत नाही, कारण त्याचं मशीन बंद पडलंय. पण दुरुस्ती म्हणजे तड्यावर बीड ओढणं नव्हे. तडा कुठे संपतो ते शोधायचं, टोकाला ड्रिलने भोक मारायचं म्हणजे तो पुढे पळत नाही, पूर्ण खोलीपर्यंत खोदायचा, मग भरायचा, कास्ट आयर्न असेल तर निकेलचा रॉड, थोडं थोडं मारत, आणि मुख्य म्हणजे सावकाश गार होऊ द्यायचं. आणि मुळात ते तुटलं का हा प्रश्न विचारायचा, नाहीतर तुमचा वेल्ड टिकेल आणि त्याच्याच शेजारी परत तुटेल, आणि शिव्या तुम्हालाच. काही कामांना सरळ नाही म्हणायचं, बंद ड्रम किंवा पेट्रोल डिझेलची टाकी रिकामी आहे असं कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी, स्फोटाला आतली वाफ पुरेशी असते.

आता शरीर. हे टाळून करिअरच्या गप्पा मारणारा माणूस खोटं बोलतोय समजा. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे याने माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट, आणि वेल्डिंगमधली अल्ट्राव्हायोलेट किरणंही त्याच गटात. स्टेनलेसच्या धुरात घातक क्रोमियम असतं. जीआय (झिंकचा मुलामा दिलेलं लोखंड) मारलं की झिंकच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून लोक हसण्यावारी नेतात. डोळ्याला आर्क लागला तर लगेच कळतही नाही, काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री झोपेत, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. टाकीच्या आत आर्गॉन गॅस हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो, वास नाही, रंग नाही, माणूस वाकतो आणि उठत नाही. तोंडाला बांधलेलं फडकं यातलं काहीही अडवत नाही, धुरासाठी फिल्टरवाला चांगला मास्क घ्या, धूर ओढणारा पंखा तोंडाच्या मागे नाही, धुराच्या बाजूला लावा. हेल्मेटवर पैसे घालायला पोरं कचरतात आणि त्याच महिन्यात नवीन फोन घेतात, मी काय बोलणार.

पाठ आणि गुडघे पुढेमागे तक्रार करणारच. म्हणून पुढचा रस्ता हात चांगला चालत असतानाच ठरवा. सोपा रस्ता म्हणजे तपासणाऱ्यांच्या बाजूला जाणं, अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची सीडब्ल्यूआय किंवा ब्रिटनची सीएसविप अशा इन्स्पेक्टरच्या परीक्षा असतात, अनुभव लागतो, जवळची नजरही तपासतात. एनडीटी म्हणजे न तोडता केलेली तपासणी, अल्ट्रासॉनिक, रेडिओग्राफी वगैरे, तिची लेव्हल टू (दुसऱ्या पातळीची पात्रता) करता येते. इन्स्पेक्टर दोन प्रकारचे भेटतात, पुस्तकातून आलेले आणि धुरातून आलेले, धुरातून आलेल्याला बीड बघून कळतं की इथे हात थकला होता, पण रिपोर्ट लिहायची वेळ आली की तोच घाबरतो, तेव्हा लिहायची सवय आतापासून लावा.

रोबोट येऊन खाईल का, हाही प्रश्न असतो. गाडीच्या कारखान्यात एकसारखा तुकडा हजारो वेळा जोडायचा असेल तर ते काम रोबोटनेच करावं, तिथे माणूस परत येणार नाही. पण गॅप कधी दोन कधी चार मिलिमीटर, पाइपच्या मागे भिंत, हात जेमतेम जातो, आरसा लावून बघत मारायचं, ते काम इतक्यात कोणी घेत नाही. आणि रोबोटला टॉर्च कोणत्या कोनात धरायचा ते सांगायलाही वेल्डिंग कळणारा माणूस लागतो, ज्यांना कॉम्प्युटरची आवड आहे त्यांनी तिकडे जरूर बघा.

सुरुवात कशाने करू, टिगने (एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने तार) का मिगने (तार मशीनच पुढे ढकलतं)? रॉडने करा. मिगमध्ये वरून छान दिसणारं आणि आतून न चिकटलेलं काम करणं फार सोपं आहे, रॉड चुकलात तर तोंडावर सांगतो. आणि एक्स-रे नसला तरी तपासता येतं, दोन प्लेटचा टी करा, एकाच बाजूने बीड मारा, गार झाला की उभी प्लेट हातोड्याने बीडच्या बाजूला दुमडा आणि तोडा. तुटलेल्या भागात मुळापर्यंत लोखंड वितळलंय का बघा. कोपऱ्यात प्लेटची मूळ कड तशीच सरळ दिसत असेल तर करंट थोडा वाढवा, आर्क आखूड धरा आणि दुसरा टी करा.