स्केचबुक रोज उघडायचं असेल तर

अर्ध्यावर सोडलेलं कुठलंही स्केचबुक चाळलं तर साधारण एकच कहाणी दिसते. पहिल्या दोन-तीन पानांवर मान मोडून काढलेली, कोपऱ्यापर्यंत शेडिंग केलेली चित्रं. मग एक घाईचं पान, मग एक फाडलेलं, आणि पुढे सगळं कोरं. याचं खापर आळसावर फोडणं सोपं असतं. खरा घात बहुतेक वेळा वहीच्या आकाराने, नको त्या पेन्सिलीने आणि 'आज काय काढू?' या रोज नव्याने पडणाऱ्या प्रश्नाने केलेला असतो. तिन्हींचा बंदोबस्त पहिली रेषा मारण्याआधीच करता येतो.

आधी वही. आकार ए५, म्हणजे १४.८ बाय २१ सेंटिमीटर. ए४ मांडीवर डगमगते, आणि एवढं मोठं पान भरायचं म्हटलं की पंधरा मिनिटं पुरत नाहीत. ए६ खिशात मावते खरी, पण तिच्यावर नुसती बोटंच हलतात, खांदा आणि कोपर कामालाच येत नाहीत. त्यामुळे रेषा तुटक, केसाळ येते. कागद १०० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरतो. ८० जीएसएमच्या कागदावर शाईची रेषा मागच्या पानावर डोकावते. जलरंग वापरायचे असतील तर २०० च्या वरचा कागद हवा, नाहीतर तो पाणी पिऊन लाटांसारखा फुगतो. पण रोजच्या सरावाला जाड, भारी कागद घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पान वाया जाईल या भीतीने हात आखडतो आणि मग वही कपाटात जपून ठेवली जाते.

स्पायरलची वही पूर्ण उलटते, त्यामुळे उभ्या-उभ्या काढायला बरी. मात्र तारेत पानं सतत हलतात, एकमेकांवर घासतात आणि मऊ पेन्सिलीचं चित्र महिन्याभरात धुरकट होतं. शिवलेल्या बाइंडिंगची वही जास्त टिकते. नवी असताना ती मधोमध उघडी राहत नाही, म्हणून काहीजण ती जोर लावून उलटी मोडतात आणि शिवण सैल करून ठेवतात. त्याऐवजी कणा टेबलावर टेकवा, पुढून पाच-सहा पानं, मग मागून पाच-सहा पानं अशी उघडत मधली घडी बोटाने दाबत जा. दोन मिनिटांत वही सरळ पडते. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या वहीला हा उपाय जपूनच करावा, तिची पानं सुटी होतात.

पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जितकी कमी तितकी पेन्सिल मऊ आणि काळी. ४बी, ६बीने चित्र उठावदार दिसतं, पण वही मिटली की त्याची छाप समोरच्या पानावर उमटते. रोजच्या कामाला एचबी आणि २बी एवढ्या दोनच ठेवा, किंवा सरळ बॉलपेन घ्या. बॉलपेनवर दाब कमी-जास्त करून फिकट-गडद रेषा मिळते आणि खोडायचा मोह राहत नाही. टोकाशी शाईचा गोळा जमतो, तो चिंधीला पुसत राहायचं एवढंच पथ्य. पेन्सिलच हवी असेल तर उजव्याच पानावर काढा. अगदी जपायचं पान असेल तर मोकळ्या हवेत २५-३० सेंटिमीटरवरून फिक्सेटिव्हचे, म्हणजे पेन्सिल कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे, दोन हलके हात द्या. एकच जाड थर दिला तर कागदावर डाग पडतात.

खोडरबर मात्र दूरच बरं. चुकलेली रेषा खोडली की ती किती चुकली होती हेही पुसलं जातं, आणि दुसरी रेषा पुन्हा त्याच जागी येते. चुकीची रेषा तशीच ठेवून शेजारी बरोबर वाटणारी रेषा जरा गडद मारली की पहिलीच तुमचं माप होते.

आता विषय. रोज विषय शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि मग काढायचा उत्साह उरत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर हाताशी असलेल्या वस्तूंची यादी करून ठेवा: बूट, किल्ल्या, कप, खुर्चीचा पाय, चुरगळलेला कागद, दाराची कडी, स्वतःचा डावा हात. आणि मग एका आठवड्याला एकच वस्तू घ्या. पहिल्या दिवशी बूट नुसत्या बाह्यरेषेत. दुसऱ्या दिवशी कागदाकडे न बघता, नजर बुटाच्या कडेवरून मुंगीच्या गतीने सरकवत. तिसऱ्या दिवशी बूट न काढता त्याच्याभोवतीच्या रिकाम्या जागांचे आकार. चौथ्या दिवशी समोरून, जिथून तो सगळ्यात अवघड दिसतो. पुढे फक्त सावल्या, मग फक्त नाडी, आणि सातव्या दिवशी आठवणीतून. सातवं चित्र बहुधा फसतं, पण आपण नेमकं काय पाहिलंच नव्हतं ते तिथेच उघडं पडतं.

कप दिसतो सोपा, पण त्यात नवशिके हमखास अडकतात. वरची कड गोलसर काढतात आणि तळ सरळ रेषेने संपवतात, कारण कप टेबलावर सपाट बसलाय हे मनाला माहीत असतं. डोळ्याला दिसतं ते उलट. कप डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर तळ त्या पातळीपासून जास्त लांब असतो, म्हणून तळाचं लंबवर्तुळ वरच्यापेक्षा थोडं अधिक फुगीर हवं. शिवाय लंबवर्तुळाची दोन टोकं कधीही टोकदार नसतात. लिंबासारखा आकार आला तर पेन न थांबवता त्याच जागी हलक्या हाताने दोन-तीन फेरे मारा, टोकं आपोआप वळतात.

चेहऱ्यात डोळे साधारणपणे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. केसांखालची कवटी हिशोबात धरली जात नाही, म्हणून ते वर सरकतात आणि कपाळ गायब होतं. हाताचा पंजा मागून पाहिला तर मधलं बोट मुळाच्या सांध्यापासून टोकापर्यंत जवळपास अर्ध्या पंजाएवढं भरतं. तळव्याच्या बाजूने तेच बोट आखूड दिसतं, कारण बोटांमधली कातडी वरपर्यंत येते. अशी मापं पाठ करण्यापेक्षा पेन्सिल धरून मोजावीत: कोपर ताठ, एक डोळा मिटलेला, अंगठा पेन्सिलीवर सरकता. कोपर जरा वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि आधी घेतलेली सगळी मापं खोटी ठरतात.

उभ्या माणसांचं डोकं प्रत्येक वेळी मोठं येत असेल तर दोष हाताचा नसेलही. वही टेबलावर आडवी पडली असेल तर पानाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब, म्हणून आकसलेला दिसतो. ते भरून काढायला आपण तिथे नकळत ताणून काढतो. वहीखाली एखादं जाड पुस्तक सरकवून तिला उतार द्या.

फोटोवरून काढायला हरकत नाही, पण रोज नको. फोनच्या कॅमेऱ्याने जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, आणि तुम्ही ती चूक इमानदारीने उतरवून घेता. हलणाऱ्या माणसांना भिऊ नका. एका पानावर चार-पाच अर्धवट आकृत्या उघड्या ठेवा. बसलेला माणूस मान वळवतो, पाय बदलतो, पण थोड्या वेळाने बहुधा जुन्याच बैठकीत परततो. तो परतला की तुम्हीही त्या आकृतीकडे परता.

वेळ पंधरा मिनिटं, आणि ती रोजच्या एखाद्या पक्क्या कामाला बांधलेली. 'रात्री बघू' म्हटलं की संपलं. पहिली दोन मिनिटं खांद्यातून लांब रेषा आणि लंबवर्तुळं, मग दहा मिनिटं विषय, शेवटी पानाखाली तारीख, लागलेली मिनिटं आणि चुकलेली एकच गोष्ट: 'टाच लांब झाली', 'सावलीची दिशा विसरलो'. चित्रावर लिहिणं कमीपणाचं नाही. इंग्रज चित्रकार टर्नरने मागे ठेवलेल्या सुमारे ३०० स्केचबुकांत पेन्सिलीच्या घाईच्या रेखाटनांवर रंगांच्या नोंदी लिहिलेल्या सापडतात.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पानं काढायची शिक्षा घेऊ नका. त्याने तिसराही दिवस बुडतो. चुकलेल्या दिवसासाठी पान कोरंही सोडू नका, पुढच्याच पानावर नवी तारीख घाला. अंगात ताप असेल, प्रवास असेल, तर एक मिनिट आणि पेन न उचलता काढलेली एक किल्ली पुरे. आणि रोजचं पान लोकांना दाखवायची घाई नको. दाखवायचं म्हटलं की हात पुन्हा तीच चित्रं काढतो जी त्याला आधीपासून जमतात.

तीस दिवसांनी पानांखालच्या नोंदी एका दमात वाचा. 'टाच लांब', 'मान लांब', 'कपाची कड लांब' असं दिसलं तर रोग एकच आहे: उभं माप आडव्याशी ताडून न पाहणं. पुढचा महिना त्यालाच द्या. शेवटची पाच पानं उरली की त्याच मापाची पुढची वही आणून ठेवा. नाहीतर वहीअभावी पडलेला चार दिवसांचा खंड चार आठवड्यांचा होतो. पहिलं पान उलटून न बघता पहिल्याच दिवशीची वस्तू शेवटच्या कोऱ्या पानावर पुन्हा काढा, आणि कण्यावर सुरुवातीची नि शेवटची तारीख लिहून वहीला रबरबँड लावा, म्हणजे पानं घासणार नाहीत.